सतरा मुले, चार वर्ग आणि एकच शिक्षिका

प्रति,
प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या ज्यांच्या सहीने होतात, त्या सर्वांस

विषय : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेला दुसरा शिक्षक मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वरचा विषय तुमच्या ओळखीचा असेल. समितीच्या लेटरहेडवर, ठरावाची प्रत जोडून, पंचायतीच्या शिफारशीसह तो आम्ही रीतसर पाठवलेला आहे. पोच मिळाली, शिक्षक मिळाला नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे, म्हणजे निदान फायलीत न जाता चार लोकांच्या डोळ्यांखालून जाईल. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. नाव घातले की पहिला फोन आमच्या बाईंना येतो, ‘हे कोणी लिहायला लावले’ म्हणून. बाईंनी लावलेले नाही. कोणाला काही लिहायला लावावे एवढी सवडच त्यांना नाही, आणि हे पत्र त्याच सवडीबद्दल आहे.

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका हव्यात असे सांगितले आहे. त्या हिशेबात मी दोन्हीकडे मोजली जाते. पोटापाण्याला शाळेसमोरच किराणा दुकान आहे. त्यामुळे शाळेचा व्हरांडा मला दिवसभर दिसतो आणि वर्गातले ऐकूही येते. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक गल्ल्यावर बसून पाहिलेले.

शाळेत सतरा मुले. पहिलीत सहा, दुसरीत तीन, तिसरीत पाच, चौथीत तीन. खोल्या दोन, शिक्षिका एक. म्हणून दुसरी खोली कुलपात, आणि तिच्यात मोडकी बाके, फुटका पृथ्वीगोल आणि कोणीतरी ठेवून विसरलेले मांडवाचे वासे.

बाई आठच्या आधी पोचतात. प्रार्थना, परिपाठ, हजेरी झाली की खडूने उभ्या रेघा मारून फळ्याचे चार भाग करतात. चौथीला भागाकार, तिसरीला धड्याखालचे प्रश्न, दुसरीला पाढा लावून देतात आणि मग पहिलीच्या मुलांजवळ खाली बसतात. नव्याने आलेल्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवायची तर त्याचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो, दुसरा उपाय नाही. दोन मुलांचे हात धरून होतात न होतात तोवर चौथीतून आवाज येतो, ‘टीचर, बाकी उरता!’ बाई बसल्या जागेवरून सांगतात, ‘उरूं दी, फुडें कर.’ ती बाकी बरोबर उरली होती की चूक, हे बघायला त्या पोचतात तेव्हा मधली सुट्टी झालेली असते. तोवर त्याच चुकीने आणखी पाच भागाकार वहीत उतरलेले असतात.

एका खोलीत चार वर्ग बसतात याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. चौथीतली मोठी मुलगी पहिलीतल्या धाकट्याला अक्षर गिरवून दाखवते, त्याचे नाक पुसते, शौचालयाकडे नेऊन आणते. शहरातल्या चाळीस मुलांच्या वर्गात हे मिळायचे नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने आसपासच्या खेड्यांतल्या लहान शाळांसाठी अशाच मिश्र वर्गाची पद्धत बसवली. प्रत्येक मूल आपल्या वेगाने एकेक कार्ड सोडवत पुढे सरकते. देशातल्या बऱ्याच राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. तेव्हा ‘एक शिक्षक चार वर्ग सांभाळू शकतो’ असे कोणी म्हणेल तर मी लगेच नाही म्हणणार नाही. फक्त विचारीन, ती कार्डे कुठे आहेत? ते प्रशिक्षण कुठे आहे? आणि शिक्षक आजारी पडला तर त्या दिवशी वर्गावर कोण? परिपत्रकातून यातले काहीच येत नाही.

माझी तक्रार खोलीतल्या शांततेबद्दल आहे. तीन वर्ग गप्प बसल्याशिवाय चौथ्याला शिकवता येत नाही, म्हणून आमच्या शाळेत मुलांना सर्वांत आधी गप्प बसायला शिकावे लागते. ‘मनात वाचा’, ‘तोंड मिटा’, ‘हाताची घडी’ ही वाक्ये मला दुकानात सकाळभर ऐकू येतात. बाई रागावून बोलत नाहीत, त्यांचाही नाइलाज असतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मात्र भेटवहीत ‘वर्गातील शिस्त उत्तम’ असा शेरा मारला.

त्या शिस्तीत कोण बसते ते बघा. निम्मी मुले गावची. काही वरच्या रानातल्या गवळी-धनगरांच्या वस्तीवरची, जी पायवाटेने उतरून येतात. काही कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची. त्यांचे आईबाप काजूच्या बागायतीत नाही तर चिऱ्यांच्या खाणीवर कामाला. दोघे भाऊ झारखंडचे. गावच्या मुलांच्या घरी कोकणी, त्यांना मराठी देवळातल्या भजनातून, नाटकातून, टीव्हीवरून कानावर आलेली असते. त्या कानडी मुलाला ती फक्त शाळेत मिळते. म्हणजे सकाळच्या चार-साडेचार तासांत त्याने जेवढे बोलून घेतले तेवढेच त्याच्या पदरात पडणार. त्यालाच आपण तोंड मिटायला सांगतो. मग दुसरीत गेल्यावर ‘याला वाचता येत नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकावर येतो आणि आई ते प्रगतिपुस्तक घेऊन माझ्या दुकानात येते, काय लिहिले आहे ते वाचून घ्यायला.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्ट चांगले आहे. त्याचे पोस्टरही आमच्या भिंतीवर आहे, कुलपातल्या खोलीच्या दारावर चिकटवलेले.

आता मी जे सांगते आहे ते नुसते माझे मत नव्हे, कारण आमच्याकडे दुसरा शिक्षक होता तेव्हाचे दिवसही मी त्याच गल्ल्यावरून पाहिले आहेत. सर तरुण होते, वाळपईहून स्कूटरने यायचे. ते आले आणि दुसरी खोली उघडली. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पंधरा दिवसांत शाळेचा आवाज बदलला. व्हरांड्यात मुले मोठमोठ्याने वाचू लागली. गिऱ्हाइके म्हणायची, ‘आज किते, गॅदरिंग मगो?’ सर मुलांना माझ्या दुकानात घेऊन यायचे. तिसरीने तराजूवर साखर जोखली, चौथीने बिल केले. एका मुलीने मला पावकिलोच्या हिशेबात पकडले आणि पुढचा आठवडाभर ती दुकानासमोरून जाताना मान ताठ करून जायची.

धनगर वस्तीवरची एक मुलगी होती. पहिलीचे अर्धे वर्ष तिने शाळेत एक शब्द काढला नव्हता. हजेरीला हात वर करायची, तेवढेच. बाईंना हे ठाऊक होते. पण तिच्याजवळ बसायचे तर बाकीच्या सोळांना वाऱ्यावर सोडायचे. सर आल्यावर मोठी मुले पलीकडच्या खोलीत गेली आणि बाईंना रोज थोडा वेळ मिळू लागला. त्या नुसत्या तिच्या बाजूला बसून आपले काम करायच्या, विचारायच्या काही नाहीत. एके दिवशी खिडकीतून शेकरू दिसले तसे ती आपल्या बोलीत काहीतरी पटापट बोलली. बाईंना ते निम्मेच कळले, पण त्यांनी तिला त्या प्राण्याचे चित्र काढायला लावले, चित्राखाली तिने सांगितले तेच नाव लिहिले, आणि शाळेत शिकवायचे नाव त्याच्या बाजूला. तिथून ती मुलगी बोलायला लागली. आज तिसरीत आहे, आणि तिला गप्प करताना बाईंना जोर लावावा लागतो.

गणेशचवथीच्या सुट्टीनंतर सर आले नाहीत. त्यांना दुसऱ्या एका शाळेत ‘तात्पुरते’ धाडले होते. तिथेही एकच शिक्षिका होती आणि ती बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तेव्हा तिथल्या मुलांचा हक्क मी नाकारत नाही. पण ते तात्पुरते अजून संपलेले नाही.

सर गेल्यावर कागदावर काहीच बिघडले नाही, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. हजेरीपट भरलेला आहे. चाचण्या वेळेवर होतात. आहाराची नोंदवही पूर्ण, यूडायसची, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन नोंदीतली शाळेची माहिती भरलेली, मुलांचे अपार, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक काढलेले. तुमच्याकडे येणाऱ्या कोणत्याही तक्त्यावरून शाळेत काही उणे आहे असे दिसणार नाही. व्हरांड्यातले वाचन गेले, दुकानातला हिशेब गेला, गप्प मुलीच्या बाजूला बसणे गेले, आणि यांतल्या कशाचाच तक्ता नाही. उलट तक्ते भरायलाच बाईंचा वेळ जातो. आमच्याकडे रेंज नाही. माहिती अपलोड करायची तर वरच्या वळणावर जाऊन मोबाइल हातात धरून उभे राहावे लागते. शाळा सुटल्यावर बाई तिथे उभ्या असतात, पावसात छत्री धरून.

एक प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय ‘दुसरा शिक्षक’ म्हणजे नक्की काय मागतो आहोत ते कळायचे नाही. पावसाळ्यात एका मुलाला अंगात ताप असताना घरच्यांनी शाळेत पाठवले. दहाच्या सुमाराला त्याला फिट आली. बाईंनी त्याला कुशीवर वळवले, आजूबाजूची बाके सारली, एका मुलाला माझ्याकडे पिटाळले. मी दुकान तसेच टाकून धावले. फोन लागेना, म्हणून गिऱ्हाइकाला स्कूटरवर वळणाकडे धाडले आणि त्याने १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती आल्यावर प्रश्न पडला की मुलाबरोबर जाणार कोण? आई खाणीवर, बाप कुठे ते ठाऊक नाही. बाई गेल्या तर सोळा मुले वाऱ्यावर. बाई राहिल्या तर सहा वर्षांचे मूल अनोळखी माणसांबरोबर एकटे इस्पितळात. शेवटी बाई गेल्या आणि मी वर्गात बसले. तेवढ्यात आहाराचा डबा आला, तो मी उतरवून घेतला. कायद्याने मला त्या खोलीत बसायचा काय अधिकार होता, आणि त्या वेळात आणखी एखाद्या मुलाला काही झाले असते तर जबाबदार कोण, हे तुम्हीच सांगा. मूल बरे आहे. पण त्या दिवसापासून त्या मुलाला जरा पडसे झाले तरी बाई घाबरतात.

आहाराचेही थोडे सांगते. आमची शाळा साडेबाराला सुटते, त्यामुळे ‘मध्यान्ह’ भोजन येते साडेदहाला. पाव-भाजी, कधी उसळ-पाव, कधी पुलाव. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. लांबून चालत येणारी मुले सकाळी नुसता चहा पिऊन निघालेली असतात, त्यांना ती पाव-भाजी म्हणजे दिवसाचे पहिले खाणे. बचत गटाच्या बाया मन लावून करतात. त्यांतली एक माझी जाऊच आहे. (त्यांची बिले किती रखडतात ही वेगळी कथा, तिचे पत्र वेगळे लिहीन.) मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन बघायची, असा नियम आहे. तो हवाच. पण चव घेणे, नोंद करणे, हात धुवायला लावणे, वाढून घेणे, कोण जेवत नाही ते बघणे, हे सगळे एकाच माणसाने करायचे. जे मूल जेवत नाही त्याच्याजवळ जाऊन ‘किते जालां रे?’ विचारणारे कोणी उरत नाही.

आता कायद्याचे. मी वकील नाही, पण समितीच्या प्रशिक्षणात आम्हाला पुस्तिका दिली होती आणि मी ती वाचली. बहुधा ती कोणी वाचेल अशी देणाऱ्यांची कल्पना नसावी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. ‘साठपर्यंत’ म्हणजे सतरालाही दोन. तीस मुलांमागे एक शिक्षक हे गणित मांडून आम्हाला जे ‘तुमच्याकडे तर अर्धाच शिक्षक बसतो’ असे हसत सांगितले गेले, ते गणित लहान शाळेला लागत नाही. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की चार-पाच वर्ग एका माणसाला पेलणार नाहीत, मग मुले कितीही असोत.

कलम २६ म्हणते, शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. आमची मंजूर पदे दोन. एक रिकामे म्हणजे पन्नास टक्के. कलम २५ म्हणते, एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही. आमच्या सरांचे ‘तात्पुरते’ यात कुठे बसते? जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामांना कायद्यानेच सूट दिली आहे, म्हणून मतदारयाद्यांच्या कामाबद्दल मी बोलत नाही. फक्त एवढे ध्यानात घ्या की दोन शिक्षकांच्या शाळेतला एक यादीच्या कामाला गेला तर शाळा चालते. एकशिक्षकी शाळेतला गेला तर कुलूप लागते.

आणि ही काही नव्याने निघालेली मागणी नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला ऊनपावसात वापरता येतील अशा दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक, शक्यतो त्यात एक बाई, असे तिने ठरवले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आज माझा मुलगा तिसरीत आहे. खोल्या आल्या.

यावर तुमचे उत्तर मला पाठ आहे : पट कमी आहे. म्हणून पटाविषयी बोलू.

पट आपोआप कमी होत नाही. मुले कमी जन्मतात हे खरे, पण आमच्या गावातून सकाळी सात वाजता तिठ्यावर बस पकडणारी मुलेही आहेत. सरकारने अनुदानित शाळांना बालरथ नावाच्या बस दिल्या, त्या आमच्या तिठ्यापर्यंत येतात. त्या मुलांच्या आईबापांना मी नावे ठेवणार नाही. दोन जणी माझ्या मैत्रिणी आहेत. त्यांनी मला तोंडावर सांगितले, ‘माध्यम मराठी असले तरी चालेल गे, पण वर्गाला शिक्षक हवा.’ इंग्रजीच्या ओढीने सरकारी शाळा ओस पडल्या असे आपण सगळे सरसकट म्हणतो. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान सुरू झाले तेव्हापासून गोव्यात या एकाच वादावर बोलत आलो आहोत. त्यात तथ्य आहेच. पण आमच्या गावातून पहिली तीन मुले बाहेर गेली ती सरांची बदली झाल्यावर, त्याच महिन्यात. शिक्षक काढला म्हणून मुले गेली. मुले गेली म्हणून शिक्षक देता येत नाही. यातले आधीचे पाऊल तुमच्या हातातले आहे, नंतरचे आमच्या.

मग विलीनीकरणाचा विषय निघतो. मी सरसकट विरोधात नाही. तीन मुलांची शाळा त्या तीन मुलांसाठीही बरी नव्हे. खेळायला गडी लागतो, भांडायलाही लागतो. जिथे पक्का रस्ता आहे, जवळ दुसरी चांगली शाळा आहे, तिथे दोन शाळा एकत्र कराव्यात. पण केंद्राच्या नमुना नियमांनी लहान मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी म्हटले ते उगाच नव्हे. आमच्यापासून दुसरी सरकारी शाळा घाट उतरून, ओहोळ ओलांडून. जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या पुराने सत्तरीत काय केले ते तुम्ही पाहिले आहे. पुराचे वर्ष नसले तरी पावसाळ्यातले कित्येक दिवस तो ओहोळ सहा वर्षांच्या पोराने ओलांडण्यासारखा नसतो. आणि रानातल्या वस्तीवरची मुले तर मुळात आमच्यापर्यंतच अर्धा-पाऊण तास चालत येतात. त्यांची शाळा आणखी लांब नेली तर ती दुसऱ्या शाळेत जाणार नाहीत, रानात गुरांमागे जातील. मुली घरी राहतील.

ही शाळा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असतानाच्या काळातली. गोवा मुक्तीनंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांतलीच एक. आधी ती देवळाच्या सभामंडपात भरायची. मग गावातल्या एका घराण्याने जमीन दिली आणि माणसांनी डोक्यावरून चिरे वाहून आणले, त्यांत माझा आजेसासरा होता. गावाने शाळेसाठी काय करायचे असते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. विहिरीचा उपसा आम्ही करतो. छपराची कौले दर वर्षी मेच्या अखेरीस आम्हीच शाकारतो, दुरुस्तीच्या फायलीची वाट बघत नाही. गणेशचवथीआधी मुले माटोळीचे (गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या सजावटीचे) सामान गोळा करायला मोठ्यांबरोबर रानात जातात. सर असताना ते सगळे शाळेत मांडायचे. कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, चिबूड, सुपारीची शिपटी. कुठले झाड, कुठे मिळाले, खायचे की नाही, हे मुलांनीच सांगायचे आणि मोठ्यांनी ऐकायचे. त्यात कानडी मुलांनी त्यांच्याकडची नावे सांगितली. परिसर अभ्यासाचा याहून चांगला तास मला तरी माहीत नाही.

गावात घुमट, म्हणजे तोंडाला कातडे ताणलेले मातीचे वाद्य, वाजवणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य केले तेव्हा ते म्हणाले, ‘वारसो जालो, आतां वारस खंय?’ आठवड्यातून एकदा शाळेत येऊन शिकवायला ते तयार आहेत, पैसे नको म्हणतात. (घुमट बकऱ्याच्या कातड्याचे आहेत, पूर्वीसारखे घोरपडीचे नाहीत, वनखात्याने काळजी करू नये.) सर होते तेव्हा तिसरी-चौथीची मुले त्यांच्यापाशी बसायची आणि बाई पलीकडे लहानांना शिकवायच्या. आता घुमट वाजू लागले की एकाच खोलीतल्या पहिलीचे काय करायचे? दुसरी खोली उघडायची तर तिथे लक्ष ठेवायला कोण? बाईंनी आजोबांना हात जोडून ‘सध्या नको’ सांगितले. आजोबा समजून घेतात. वय त्यांचे ऐंशीच्या पुढे आहे.

तेव्हा लोकसहभाग वाढवा, गावाला शाळेशी जोडा, असे जे दर प्रशिक्षणात सांगता, त्याला आमची ना नाही. गाव दारात उभे आहे. दार उघडून ‘या’ म्हणायला आत मोकळा माणूस लागतो.

आमचे मागणे मोठे नाही. मंजूर असलेले दुसरे पद भरा, आणि भरताना कोणाला तीन महिन्यांसाठी पाठवू नका. कंत्राटावर आलेली पोर मुलांची नावे पाठ होईपर्यंत निघून जाते, तिच्यावरही अन्याय आणि मुलांवरही. वर्षाच्या मध्ये बदली करावी लागलीच तर नवा माणूस रुजू होईपर्यंत जुन्याला कार्यमुक्त करू नका. हा एक नियम जरी पाळलात तरी गोव्यातल्या कित्येक शाळांचे निम्मे हाल थांबतील. रजेसाठी म्हणाल तर तालुक्यात चार-पाच शाळांमागे एक राखीव शिक्षक ठेवा. बाळंतपण, आजारपण, प्रशिक्षण यांना तो जाईल, म्हणजे एका शाळेचे भोक बुजवायला दुसऱ्या शाळेला भोक पाडावे लागणार नाही. आणि आडवळणाच्या गावात येणाऱ्या शिक्षकाला राहायची सोय किंवा प्रवासाचा भत्ता द्या. दूरच्या पेडणे तालुक्यातल्या माणसाला सत्तरीच्या टोकाला टाकून तो मनापासून टिकेल अशी अपेक्षा कशी धरता? आमच्या गावात एक रिकामी, वीजपाण्याची खोली आहे. भाडे समिती बघेल, ते माझ्यावर सोडा.

खर्चाचे विचाराल तर, होय, सतरा मुलांमागे दोन पगार महाग पडतात. आमच्या गावापर्यंत वीज आणि रस्ता आणणेही महाग पडले होते. तेव्हा तुम्ही माणशी हिशेब केला नव्हता.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी समितीची बैठक आहे, शाळा सुटल्यावर, साडेबाराला. तुमच्यापैकी कोणीही यावे. आधी कळवले नाही तरी चालेल, शक्यतो आठ वाजताच या आणि चारही वर्ग चालू असताना मागच्या बाकावर बसा. न जमल्यास उत्तर लेखी पाठवा. ईमेल नको, वर सांगितले तसे रेंज नसते. कागद साध्या टपालाने पाठवा आणि पत्ता शाळेचा न घालता समितीचा घाला, म्हणजे तो वाचून फाईल करायचे कामही बाईंवर पडणार नाही.

आपली,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
एक सरकारी प्राथमिक विद्यालय, सत्तरी